पेटीमास्तरांच्या घरची हिरवी वायर

जी गोष्ट मी बायकोला सांगितली नाही, भावाला सांगितली नाही, ती आज लिहितो आहे. वडशाला पेटीमास्तरांच्या घरी होम थिएटरच्या प्लगमधली हिरवी वायर मी कापली होती. चुकून कापली गेली नव्हती. पक्कड हातात होती आणि आपण काय करतो आहोत हे मला पुरतं ठाऊक होतं.

वीसेक वर्षं होऊन गेली. तरी एवढं लिहिलं आणि मधे उठून हात धुऊन आलो.

तेव्हा माझं वडशात, स्टेशनकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दोन हजार सालानंतरची ती तीन-चार वर्षं. तोवर लोक टीव्ही आणि टेप घेऊन यायचे. मग एकाएकी होम थिएटर आलं. एक डीव्हीडी प्लेअर, पाच लहान स्पीकर, आणि खाली ठेवायचा एक जड डबा, त्याला सगळे वूफर म्हणत. आवाज मोठा करणारी मशीन त्या डब्यातच असायची आणि डब्याची मागची बाजू लोखंडी पत्र्याची. माणसं चंद्रपूरहून, नागपूरहून हौसेनं खोकं आणायची, उघडायची, आतला वायरींचा गुंता बघायची आणि माझ्याकडे यायची.

"भाऊ, चित्र येऊन राह्यलं, पन आवाज नाई."

"पिवळी वायर कुठी लावली?"

"सगळ्याच लावल्या ना. जिथी भोक दिसलं तिथी लावली."

मी जायचो. माझी रीत एकच होती. एकेक वायर उपटायची, कान द्यायचा, परत लावायची. जिची वायर काढल्यावर आवाज बदलला, तिथं दोष. याला हुशारी लागत नाही, धीर लागतो. धीर होता तोवर माझं नाव चांगलं होतं.

पेटीमास्तर म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांत तीस वर्षं हार्मोनियम वाजवलेला माणूस. दिवाळी झाली की मंडळींबरोबर निघायचे, ते थंडी संपल्यावर घरी. आता बोटं थकली होती म्हणून घरीच असत. त्यांनी साथ केलेल्या दोन-तीन नाटकांच्या सीड्या निघाल्या होत्या. बल्लारपूरला कागद कारखान्यात असलेल्या मुलानं वडिलांना त्या नीट ऐकता याव्यात म्हणून सेट आणला. मार्चमधला रविवार होता. मुलाला संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं होतं, आणि त्याआधी चार वाजता नाटकातली जुनी मंडळी ऐकायला येणार होती.

मी दुपारी एकला गेलो. तासाभरात सगळं जोडलं. सीडी घातली. नाटकाची नांदी सुरू व्हायच्या आधी स्पीकरमधून गुणगुण सुरू झाली. जाड, एकसारखी. बंद दाराआड भुंगा अडकावा तशी.

मास्तरांनी डोळे मिटले. "पांढरी पाच," ते म्हणाले.

"काय?"

"तुझी मशीन पांढरी पाचमधे गाऊन राह्यली. जराशी चढी. आन् माझं नाटक काळी एकमधे हाये. दोघाईचा संसार कसा जमन?"

आतून काकू, म्हणजे मास्तरांची बायको, म्हणाल्या, "तुमच्या कानाले तं माझी फोडनीबी उतरलेली वाटते."

सगळे हसले, मीही हसलो आणि वायरी उपटायला लागलो. टीव्हीला मागून केबलवाल्याची लाइन येत होती. ती काढली आणि गुणगुण एकदम थांबली. परत लावली, परत सुरू. दोष सापडला होता. केबलच्या लाइनीला तिकडचा अर्थ, म्हणजे जमिनीत गेलेली जोडणी, आणि वूफरच्या प्लगला घरचा अर्थ. दोन अर्थ एकमेकांना ओढत होते आणि त्या ओढाताणीचा आवाज येत होता. त्यावर खरा इलाज म्हणजे केबलच्या लाइनीत बसवायचा एक लहानसा डबा. तो नागपूरला मिळायचा, आठ दिवस लागले असते. तोवर सीडी ऐकताना केबलची वायर काढून ठेवायची, बस.

मी तसं सांगितलं. मुलगा म्हणाला, "मंजे बाबा दरवेळी मागं वाकून वायर काढतीन? नवीन सेट हाये भाऊ. तुमच्याच्यानं होत नसन तं सांगा, चंद्रपूरचा मानूस आनतो."

साधं बोलणं होतं ते. मला लागलं.

"थांबा," म्हटलं. "फिल्टर करून देतो."

वूफरच्या तीन पिनांच्या प्लगचा स्क्रू सोडला. आत तीन वायरी असतात. लाल, काळी आणि हिरवी. हिरवी अर्थाची. ती कापली, टोक मागं दुमडून ठेवलं, प्लग बंद केला. बाहेरून कुणाला काही दिसणार नाही. सुरू केलं. गुणगुण गेली. नांदी लागली आणि मास्तरांची बोटं गुडघ्यावर हलायला लागली.

"आता सूर लागला," ते म्हणाले. काकूंनी मला चहाबरोबर चिवडा दिला.

फिल्टर वगैरे काही नव्हतं. हा शब्द मी त्याआधी दहा घरांत वापरला होता. मास्तरांचं अकरावं.

हिरवी वायर कशासाठी असते, हे मला चाचांनी शिकवलं होतं. म्हणून म्हणतो, माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

चाचा म्हणजे वडशातले जुने वायरमन. अर्ध्या गावाच्या भिंतींतून त्यांच्या हातच्या वायरी गेल्या होत्या. मास्तरांच्या घराचं वायरिंग त्यांचंच. हिवाळ्यात ते नाटकांच्या मंडपात दिवे आणि माइक सांभाळायचे, तिथंच मास्तरांशी दोस्ती झाली. तीस वर्षं दोघं रोज संध्याकाळी एका टपरीवर चहा प्यायचे आणि भांडायचे. माइक पेटीच्या किती जवळ ठेवायचा, यावरून.

चाचांचा अभिमान एकाच गोष्टीचा, अर्थिंगचा. घरामागं स्वतः उभं राहून खड्डा खणवून घ्यायचे, तांब्याची पट्टी, तिच्याभोवती कोळसा, मीठ, परत कोळसा. वर एक पाइप तोंड उघडं ठेवून. आमच्याकडं एप्रिल-मेमधे जमीन विटेसारखी होते आणि कोरडी जमीन करंट ओढून घेत नाही. म्हणून चाचा घरच्या बाईला बजावून जायचे, "रोज एक बादली पानी पाजा याले. तुळशीले टाकता ना, मंग याले टाका." वडशात कित्येक घरांत बाया तसं करायच्या. आधी तुळस, मग अर्थिंग. काकूंचं तर कधी चुकायचं नाही.

मी दुकान टाकलं तेव्हा चाचा म्हणाले होते, "बेटा, अर्थिंग मंजे घरातला बुढा मानूस. काई बोलत नाई, काई मागत नाई. पन घरावर आलेलं पहिले आपल्या आंगावर घेते. त्याले कधी घराबाहेर काढजो नोको."

मी अकरा घरांतून काढला.

मे महिना. सकाळचे नऊ-साडेनऊ. दुकानाचं शटर उघडून मी टेबल पुसत होतो. चहावाला कप ठेवता ठेवता म्हणाला, "पेटीमास्तरच्या घरी बाईले करंट लागला ना. पोतं फेकावं तशी फेकल्या गेली. ब्रह्मपुरीले नेलं."

त्याचं वाक्य संपायच्या आत मला सगळं कळलं होतं. कप तसाच राहू दिला. मी स्टुलावर बसलो. इथं खरं लिहायला हवं. पहिला विचार काकूंचा आला नाही. प्लगचा आला. तो प्लग कुणीतरी उघडेल.

सायकल काढली. रस्ता सरळ आणि ओळखीचा होता, पण भेटणारा प्रत्येक माणूस मला थांबवेल असं वाटत होतं. एकानं नुसता हात केला तर माझा पाय पेडलवरून घसरला.

घर उघडंच होतं. मास्तर काकूंबरोबर गेलेले. शेजारच्या चार बाया, दोन माणसं अंगणात. काय झालं ते त्यांनीच सांगितलं. काकू फरशी पुसत होत्या. वूफरच्या मागचा कचरा काढायला त्यांनी तो डबा ओढला, ओल्या फडक्याचा हात मागच्या पत्र्याला लागला. हात चिकटूनच राहिला, मास्तरांनी धावत जाऊन मेन बंद केला तेव्हा सुटून मागं पडल्या, म्हणून वाचल्या. उजवा तळहात भाजला होता, डोकं दिवाणाच्या कोपऱ्यावर आदळलं होतं. शेजाऱ्यांना दुसरं काही सुचलं नाही म्हणून त्यांनी अर्थिंगच्या पाइपात चार बादल्या पाणी ओतून टाकलं होतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सहज सांगितली. केबलवाला आठ दिवसांपूर्वी लाइन काढून घेऊन गेला होता. मास्तरांनीच सांगितलं होतं, उन्हाळाभर नको म्हणून. म्हणजे ती गुणगुण तशीही गेली असती. मी कापलेली वायर त्या दिवसापासून कुणाच्याही कामाची नव्हती.

"मी पाहतो," म्हणालो आणि आत गेलो.

वूफर खोलीच्या मधोमध आडवा पडला होता. प्लग उपटून फेकलेला. मी दाराकडं पाठ करून बसलो, प्लग उघडला, दुमडलेलं हिरवं टोक सरळ केलं, सोललं, पिनेखाली घातलं. स्क्रू बोटांतून निसटला आणि फरशीवर वाजत गेला. दिवाणाखाली. मागून बांगड्या वाजल्या. शेजारची एक बाई वाकली, स्क्रू काढला आणि माझ्या पुढ्यात धरला.

"घ्या भाऊ, तुमचं पडलं हे."

तिनं काही पाहिलं होतं का, मला आजपर्यंत माहीत नाही. मान वर करून तिचा चेहरा पाहायची माझी हिंमत झाली नाही. मी स्क्रू आवळला. प्लग पुन्हा शहाण्यासारखा दिसायला लागला.

दुपारी चाचा आले. ऊन डोक्यावर, डोक्याला रुमाल, हातात टेस्टिंगचा दिवा. आधी प्लग उघडला. मी भिंतीला टेकून उभा होतो, पाठीला भिंत तापलेली लागत होती. त्यांनी पिनेपासून पत्र्यापर्यंत तपासलं. "अर्थ बरोबर हाये," म्हणाले. वूफरचा पत्रा काढला. आत उंदरानं वायर कुरतडली होती, तांबं उघडं पडून पत्र्याला टेकलं होतं.

"हे झालं कारन," चाचा म्हणाले. "पन अर्थ असताना फ्यूज उडाले पायजे होता. उडाला काऊन नाई?"

त्यांनी फेज आणि अर्थिंगमधे दोनशे वॅटचा दिवा लावून पाहिला. दिवा लख्ख पेटला. खड्डा चांगला होता. खड्डा नेहमीच चांगला होता. चाचा त्या दिव्याकडं बघत उकिडवे बसून राहिले. प्लग बरोबर, खड्डा बरोबर, आणि बाई दवाखान्यात. मग त्यांनी माझ्याकडं मान वळवली.

"तू आखरी हात लावला होता बेटा. सांग, काय असन?"

त्यांच्या विचारण्यात संशय नव्हता. डॉक्टर डॉक्टरला विचारतो तसं विचारलं. सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "चाचा, आता तं लोकांनी पानी टाकलं. सकाळी अर्थिंग कोरडी असन."

त्यांनी दिवा काढला, वायर गुंडाळली.

"असन," म्हणाले.

गावात बोलणं फिरलं. चाचाचं वायरिंग आता पहिल्यासारखं राह्यलं नाई. म्हातारा झाला. अर्थिंग फेल गेली. मास्तर स्वतः कुणाला काही बोलले नाहीत, पण काकूंना घेऊन आल्यावर त्यांचं संध्याकाळचं टपरीवर जाणं बंद झालं. चाचा काही दिवस एकटे बसले. दोन कप सांगायची सवय होती, एकदा तसेच सांगून बसले. मी समोरच्या माझ्या दुकानातून पाहिलं.

मला झोप नव्हती, पण त्यापेक्षा वाईट म्हणजे दिवस होता. दुकानात फोन वाजला की वाटायचं, उरलेल्या दहांपैकी एक. कुणी घाईनं शटरकडं येताना दिसलं की वाटायचं, एक. मी ती घरं आठवून काढली आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन निघालो.

"कंपनीचं फ्री चेकिंग हाये," सांगायचो. लोक खूश व्हायचे, चहा करायला जायचे, तेवढ्यात मी प्लग उघडून हिरवी जोडायचो. गुणगुण परत यायची. म्हणायचो, केबलची वायर काढून ऐकत जा.

तिसऱ्या की चौथ्या घरी मी आत वाकलेला असताना मागून पाणी ओतल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं. चाचा. सायकलला दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या कॅना बांधलेल्या. घरच्या बाईवर विश्वास न ठेवता ते स्वतःच्या हातानं, आपण केलेल्या एकेका अर्थिंगला पाणी पाजत फिरत होते. सत्तरीला आलेला माणूस, मे महिन्यात, घरोघर. मी त्यांना घातलेल्या भीतीपायी.

मी लपायच्या आत त्यांनी मला पाहिलं.

"तूबी फिरून राह्यला?"

"हो चाचा. चेकिंग."

त्यांनी रुमालानं मान पुसली. "बरा हायेस तू. भेव असलं पायजे मानसाले आपल्या कामाचं. मले तीस वर्स नव्हतं, पाह्य काय झालं."

मी प्लगचा स्क्रू आवळत राहिलो. तो केव्हाच आवळून झाला होता.

दहांपैकी नऊ घरं मला मिळाली. दहावं नोकरीवाल्यांचं होतं. त्यांची बदली झाली होती, सामान ट्रकनं गेलं होतं. कुणी म्हणालं सिरोंच्याकडं, कुणी म्हणालं तेलंगणात. तो प्लग मी जोडू शकलो नाही. अजूनही पेपरात कुठं आतल्या पानावर करंट लागून कुणी गेल्याची बातमी असली की मी आधी गाव वाचतो, मग वय.

पुढच्या हिवाळ्यात चाचांनी नाटकाच्या दिव्यांचं काम घेतलं नाही. मग वायरिंगच सोडलं. काही दिवसांनी बल्लारपूरला मुलीकडं राहायला गेले. मीही दोन वर्षांनी दुकान बंद केलं आणि गडचिरोलीला नोकरी धरली. लोकांच्या घरांतल्या वायरींना पुन्हा हात लावला नाही.

मास्तर गेले तेव्हा मी भेटायला गेलो होतो. काकू ओसरीत सूप घेऊन बसल्या होत्या, तांदूळ पाखडत. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तळव्याकडं वळलेली, ती सुपाला धरत नव्हती. तरी दाणा सांडत नव्हता. बोलता बोलता चाचांचा विषय निघाला.

"त्याईले उगाच बोलले लोक," काकू म्हणाल्या. "खरं सांगू का बाबू? चूक माझीच असन. त्या दिवशी तुळशीले पानी टाकलं थे आठवते. पुढचं आठवतच नाई. अर्थिंगले पाजलं का नाई, किती डोकं खाजवलं. नसन पाजलं. मास्तर असतपर्यंत त्याईले सांगितलं नाई मी. भेव वाटे."

मी समोर बसलो होतो. हातात चहा होता. भेव वाटे, असं त्या मला सांगत होत्या. मी म्हणालो, "जाऊ द्या काकू, झालं ते झालं." चहा संपवला आणि निघालो.

चाचा आहेत. ऐकू कमी येतं म्हणतात. दोनदा मी गाडीनं बल्लारपूरपर्यंत गेलो. एकदा फलाटावरून परत आलो. एकदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, तिथं एका घरासमोर एक बाई अंगणातल्या पाइपात बादली ओतत होती, ते पाहून माघारी वळलो.

इथं मी कुणाचं नाव लिहिलेलं नाही. हे वाचून कुणी ओळखलं, तरी तेवढ्यानं माझं सांगून होत नाही. काकूंनी त्या सकाळी पाणी पाजलं असतं काय आणि नसतं काय, काही फरक पडणार नव्हता. चाचांची अर्थिंग चांगली होती. वायर मी कापली आणि मीच मागाहून जोडली. हे चाचांना बल्लारपूरला जाऊन त्यांच्या कानाशी मोठ्यानं, आणि काकूंना वडशाला जाऊन समोर बसून, मला सांगायचं आहे. अजून दोघांनाही सांगितलेलं नाही.